दोन तारांमधली वजाबाकी

आपल्याकडच्या विजेला स्वर आहे. तिचं आवर्तन सेकंदाला ५० वेळा होतं, आणि सेकंदाला ४९ कंपनं म्हणजे पांढरी पाच, पेटीच्याही खालच्या सप्तकातली. स्पीकरमधून येणाऱ्या घरघरीत बहुधा याच्या दुपटीचा, १०० कंपनांचा स्वर जास्त ठळक असतो. आता एखादी गायिका पांढरी पाचमध्ये गाते आहे असं धरा. तिच्या तंबोऱ्याचा खर्ज ९८ कंपनांवर लागलेला. ९८ आणि १०० एकत्र वाजले की सेकंदाला दोन हेलकावे पडतात. तंबोरा मिरजेहून आणलेला असो, जवारी मन लावून काढलेली असो, खर्ज डोलायला लागतो. ऐकणाऱ्याला वाटतं, तंबोरा उतरला. तंबोरा जागच्या जागी असतो. त्याच्या शेजारी वीज बेसूर गात असते.

कोल्हापूरजवळच्या कळंब्यातल्या घरी, मागच्या खोलीत ध्वनिमुद्रण करताना माझा कान या हेलकाव्यांच्या शोधात असतो. मायक्रोफोनविषयी हौसेनं बोलणारे पुष्कळ भेटतात. कुठला मायक्रोफोन गळ्याला उजाळा देतो, कुठला ढोलकीला मानवतो, यावर तासन्‌तास चर्चा होते. मला आज दुसऱ्या टोकाविषयी लिहायचं आहे. मुद्रित झालेलं ऐकण्यासाठी समोर ठेवलेली मॉनिटरची जोडी, आणि तिच्यापर्यंत आवाज पोचवणाऱ्या केबल. खोलीत यामाहाचे एचएस फाइव्ह आले तेव्हा त्यांच्यासाठी लागणाऱ्या केबल मी घरीच बनवल्या. त्या बनवताना लक्षात आलं, की बंदिशीसारखीच केबलचीही बांधणी असते आणि ती न्याहाळून पाहण्यात तसाच आनंद आहे.

तर आधी केबल. बॅलन्स्ड केबलच्या पोटात दोन तारा असतात, भोवती तांब्याची विणलेली जाळी. एका तारेतून सिग्नल जसाच्या तसा जातो, दुसरीतून त्याचंच उलटं रूप. पहिली वर चढते तेव्हा दुसरी तितकीच खाली उतरते. वाटेत विजेच्या बोर्डातली घरघर, मोबाइलची टकटक, पंख्याच्या रेग्युलेटरची करकर असं जे काही चिकटायचं ते दोन्ही तारांना सारखंच चिकटतं. मॉनिटरच्या तोंडाशी आल्यावर एका तारेतून दुसरी वजा केली जाते. उलटसुलट गेलेला सिग्नल या वजाबाकीत दुप्पट होतो, आणि दोघींना सारखी लागलेली घाण शून्याकडे जाते. तागडीच्या दोन्ही पारड्यांत सारखीच भांडी ठेवली की भांड्याचं वजन मोजमापात येत नाही, तसंच हे. घाण धुवायला गाळणी नाही, तिच्याबरोबर सिग्नलचा एखादा तुकडाही कापला जात नाही. ध्वनितंत्रात इतकी देखणी युक्ती मला दुसरी दिसलेली नाही.

यातली खरी गोम मात्र पुष्कळांच्या नजरेतून निसटते. घरघर जाते ती सिग्नल उलटा असल्यामुळे नव्हे. दोन्ही तारांचा जमिनीशी असलेला विद्युतरोध सारखा असतो, म्हणून ती जाते. काही साउंडकार्डं दुसऱ्या तारेत सिग्नलच सोडत नाहीत, तिला फक्त पहिलीइतकाच रोध देतात. तरीही घरघर कापली जाते. चांगला इनपुट तिचा हजारातला एक भागच शिल्लक ठेवतो. पण एका पिनेवर सोल्डर कच्चा राहिला, तार पुरती तापलेली नसताना शिसं नुसतं वर बसलं, तर त्या बाजूचा रोध वाढतो, पारडं कलतं आणि १०० कंपनांचा तो सूर परत डोकं वर काढतो. म्हणून केबलीत माझा जीव सोल्डरच्या जोडावर. जोड चकचकीत हवा, शिसं तारेत झिरपलेलं हवं, राळेचा काळा डाग मागे राहता कामा नये. भुरकट, दाणेदार जोड दिसला की तो उघडून पुन्हा करायचा, दुसरा इलाज नाही.

दोन तारा एकमेकींना पीळ देऊन का नेलेल्या असतात, हेही पाहण्यासारखं आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली टेलिफोनच्या तारांसाठी या पिळाचं पेटंट घेतलं. तारा समांतर नेल्या तर घरघरीच्या उगमाजवळची तार जास्त घाण उचलते आणि सारखेपणा बिघडतो. पीळ दिला की दर वळणाला जवळची तार लांबची होते, लांबची जवळ येते, आणि शेवटी दोघींच्या पदरात सारखंच पडतं. चार तारांच्या केबलीत हीच युक्ती आणखी घट्ट विणलेली असते. माझ्या खोलीत मॉनिटरच्या मागून विजेची पट्टी जाते आणि तिला दुसरी वाट नाही, म्हणून तिथे मी चार तारांचीच केबल वापरली. बाकी सगळीकडे दोन तारांची पुरते.

एक्सएलआर कनेक्टरच्या तीन पिनांतही असाच विचार आहे. पहिली पिन जाळीची, दुसरी सरळ सिग्नलची, तिसरी उलट्याची. पिना ज्या दिशेला तोंड करून असतात त्या दिशेला सिग्नल जातो, त्यामुळे अंधाऱ्या मंडपातही हाताला कळतं की कुठलं टोक कुठे. दोन टोकं एकमेकांत सरकवताना पहिली पिन बाकीच्या दोघींच्या आधी टेकावी, अशीच कनेक्टरची रचना असते. आधी जमीन भेटते, मग सिग्नल, म्हणून जोडताना धाडकन आवाज होत नाही. सव्वाशे वर्षांहून जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमधून आलेल्या पाव इंची जॅकला हे जमत नाही. त्याचं टोक आत जाताना मधल्या पट्ट्यांना घासत जातं, म्हणून मॉनिटर चालू असताना जॅक काढू-घालू नये. एचएस फाइव्हच्या पाठीला दोन्ही तोंडं आहेत. मी एक्सएलआर निवडला.

कनेक्टरच्या आतली पकड हा केबलचा आणखी एक वाचण्याजोगा भाग. लिश्टेनश्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीच्या कनेक्टरमध्ये मागची टोपी आवळत नेली की आतले प्लास्टिकचे दात केबलच्या सालीवर बसतात आणि ओढ सगळी सालीवर येते, सोल्डरवर येत नाही. स्वस्तातल्या नकलेत हे दात नुसते दिसायला असतात. दोन्ही शेजारी उघडून ठेवले तर फरक सांगावा लागत नाही.

आवाजाला गोडवा आणणाऱ्या, बास भरदार करणाऱ्या महागड्या केबलींचा मात्र मला मोह नाही. साउंडकार्डाचा आउटपुट रोध शंभरेक ओहम, केबलची धारकता मीटरला शंभर-दीडशे पिकोफॅरड. दहा मीटर केबल लावली तरी जी कंपनं गळू लागतील ती दहा लाखांच्या पुढची. माणसाचा कान वीस हजारांवर थांबतो. गिटारच्या पिकअपची गोष्ट निराळी. त्याचा रोध मोठा, तिथे लांब केबल वरचे स्वर खरोखर मंद करते. मॉनिटरच्या केबलीनं आवाजात काहीही घालू नये. पैसे जोडावर, जाळीवर आणि पकडीवर खर्च करावेत.

अर्थिंगविषयी दोन वाक्यं लिहिल्याशिवाय पुढे जाववत नाही. घरघर थांबवायला प्लगची मोठी पिन काढून टाकण्याची रीत मंडपांतून घरांत आली आहे, आणि तिच्यानं जीव जाऊ शकतो. संगणक, साउंडकार्ड आणि दोन्ही मॉनिटर एकाच पट्टीवर घ्या, ती पट्टी एकाच सॉकेटला लावा, आणि अर्थिंग शाबूत ठेवा. बॅलन्स्ड केबल उरलेलं काम करते.

आता मॉनिटर. एचएस मालिकेचा पांढरा शंकू पाहिला की जुन्या लोकांना एनएस टेन आठवतो. यामाहानं तो १९७८ साली घरगुती स्पीकर म्हणून बाजारात आणला. घरात त्याला फारसं कुणी विचारलं नाही. मधले स्वर पुढे, खर्ज बेताचा, गोडवा नाहीच. पण ऐंशीच्या दशकात जगभरच्या स्टुडिओंत मिक्सरच्या माथ्यावर तीच पांढऱ्या शंकूंची जोडी बसली, ती २००१ मध्ये उत्पादन थांबल्यावरही हलली नाही. कारणाचा माग ध्वनितज्ज्ञ न्यूएल आणि हॉलंड यांनी त्याच वर्षी मोजमापं घेऊन काढला. बंद पेटीचा हा स्पीकर आवाज संपला की लगेच गप्प होतो, मागे रेंगाळत नाही.

हे रेंगाळणं म्हणजे काय, ते कोल्हापूरच्या माणसाला हलगीवर लगेच कळेल. हलगी शेकून कडक केलेली असते. टिपरू पडलं की ठोका सुईसारखा येतो आणि विझतो. दुसऱ्या हातातली पातळ काडी त्या विझण्याच्या आणि पुढच्या ठोक्याच्या मधल्या फटीत बोलते. तालमीच्या मैदानात कुस्ती रंगते तेव्हा हलगीवाला हीच फट अरुंद करत नेतो, आणि बघणाऱ्यांचा श्वास तिच्याबरोबर वर चढतो. स्पीकरचा वूफर ठोक्यानंतर हलत राहिला तर ती फट भरून जाते. साथीचं घुमकं आणि हलगी एकमेकांत मिसळतात, कैताळ वर नुसतं किणकिणत राहतं. मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतींसमोर वाढलेल्या कानाला ते भरल्यासारखं वाटतं. मॉनिटरवर मला ती फट मोकळी हवी. काडीचे बोल मोजता आले पाहिजेत.

एचएस फाइव्ह बंद पेटीचा नाही, त्याला मागच्या बाजूला भोक आहे, म्हणून एनएस टेनइतका तो कोरडा नाही. पण पाच इंची वूफर ७४ कंपनांच्या खाली उतरायला लागतो आणि ५४ वर जवळजवळ सोडूनच देतो. विक्रेत्याच्या दृष्टीनं हे उणं. कळंब्यातल्या माझ्या खोलीच्या दृष्टीनं हा त्याचा सगळ्यात मोठा गुण. का, ते खोलीकडे पाहिलं की कळतं.

खोली बारा फूट लांब, दहा रुंद, आणि स्लॅबही दहा फुटांवर. कोल्हापुरात बांधलेल्या असंख्य घरांत हेच माप सापडेल. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या स्वराची अर्धी लाट बरोब्बर बसते तो स्वर खोली स्वतःहून गाते. बारा फुटांचा स्वर ४७ कंपनांचा, दहा फुटांचा ५६ चा. रुंदी आणि उंची सारखी, म्हणून ५६ चा स्वर दोनदा, एकमेकांवर चढून येतो. एचएस फाइव्ह इतक्या खाली फारसा वाजतच नाही, म्हणून हे स्वर तो चाळवत नाही. त्यांची दुप्पट ९४ आणि ११३. डग्ग्याचं घुमणं याच प्रदेशातलं. भिंतींवर गाद्या नि वाकळा टांगल्या की टाळीचा चटका कमी होतो, म्हणून खोली बरी झाली असं वाटतं. पण वाकळ वरचे स्वर पिते, खालच्यांना ती दिसतसुद्धा नाही. खर्जासाठी कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड थर लागतात, वीतभर तरी, आणि भिंतीपासून सुटे. त्याशिवाय बसण्याची जागा. खोलीच्या ऐन मध्यावर ४७ चा स्वर गायब असतो, भिंतीला टेकून बसलं तर तो अंगावर येतो. पुढच्या भिंतीपासून लांबीच्या दोन पंचमांशाच्या जरा अलीकडे कान आले की बऱ्यापैकी खरं ऐकू येतं. दोन मॉनिटर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण, ट्वीटर कानाच्या उंचीला, आणि पाठीमागच्या भिंतीचं अंतर फूटपट्टीनं मोजलेलं. मॉनिटरचं तोंड भिंतीपासून एक मीटरवर आलं तर ८६ कंपनांच्या आसपास खड्डा पडतो आणि डग्गा अर्धा होतो. मॉनिटरच्या पाठीवर ‘रूम कंट्रोल’ नावाचं बटण आहे, ते खालचा भाग दोन किंवा चार डेसिबलनं उतरवतं. भिंत जवळ असेल तर ते वापरावं. खड्डा मात्र कुठल्याच बटणानं भरत नाही.

बाहेरचा आवाज हे कळंब्याचं वेगळं प्रकरण. गारगोटी रस्त्यावरून गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या जातात, ट्रॅक्टरवर गाणी लावलेली असतात, आणि त्यांतला फक्त बास खिडकीतून आत येतो. त्या महिन्यांत गळ्याचं मुद्रण रात्री उशिरा करतो. पावसाळ्यात शेजारच्या पत्र्यांवर पाणी कोसळतं. मग मुद्रण थांबवून फक्त ऐकायचं काम.

ऐकायच्या कामासाठी मी नेहमी केसरबाई केरकरांच्या भैरवीकडे वळतो. ही तीच साडेतीन मिनिटांची मुद्रिका, जी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीत गेली. एक यान २० ऑगस्टला निघालं, दुसरं ५ सप्टेंबरला, आणि १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या. त्यांचे गुरू अल्लादिया खाँसाहेब राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. १९२२ मध्ये महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले. खाँसाहेबांची एकही मुद्रिका बाजारात आली नाही. जो गळा कोल्हापूरनं वर्षानुवर्षं ऐकला त्याचा मागोवा आज शिष्यांच्या गळ्यातून घ्यावा लागतो. या भैरवीकडे मी म्हणूनही जातो.

मुद्रिका एकपदरी आहे, मोनो. दोन्ही मॉनिटरना अगदी तोच आवाज जातो. जोडणी आणि मांडणी बरोबर असेल तर बाई दोन पेट्यांच्या बरोब्बर मध्ये, नाकासमोर गायला लागतात, जिथे काहीच ठेवलेलं नाही. आपण वीतभर डावीकडे सरकलो की त्याही डाव्या मॉनिटरमध्ये जाऊन बसतात. एका केबलीत दुसरी आणि तिसरी पिन उलटी जोडली गेली असेल तर त्या कुठेच नसतात. आवाज पोकळ होतो, खालचा भार निघून जातो, डोक्याच्या आत काहीतरी ओढल्यासारखं वाटतं. वजाबाकी केबलीत व्हायची ती खोलीच्या हवेत होते आहे, याची ही खूण. केबल तपासायला मीटर आहेच, तरी मी ही तपासणी सोडत नाही. जुनी तबकडी आजच्या दोनपदरी सुईनं उतरवलेली असली तर आणखी एक गंमत ऐकू येते. खरखर दोन्ही बाजूंना पसरते आणि गाणं मधोमध एकटं उभं राहतं, धुळीच्या पडद्यातून पुढे आल्यासारखं.

आणि ते गाणं कसं, तर आकार सुरुवातीपासूनच पूर्ण उघडा. पुष्कळ गळे तार सप्तकात जाताना बारीक होतात, टोक काढतात. मध्यम दर्जाच्या स्पीकरवर ते लपतं, कारण स्पीकरच त्या भागात पुढे येतो. केसरबाईंचा स्वर वर जाताना तितकाच रुंद राहतो. मॉनिटरवर ही रुंदी जवळजवळ मोजता येते. मधल्या जागेत त्यांनी व्यापलेली जागा स्वर चढल्यावरही आक्रसत नाही. भैरवीचे कोमल स्वर त्या लाडिकपणे घेत नाहीत, भरून घेतात. जयपूर घराण्याच्या ख्यालातला दमसास इथेही शाबूत आहे: एक फिरत दुसरीत अशी गुंफली जाते की श्वास कुठे घेतला ते कानाला सापडत नाही. जुन्या मुद्रणात चार-पाच हजार कंपनांच्या वर फारसं काही उरलेलं नाही. चमकीला मुळी जागाच नाही, आणि म्हणूनच मधल्या स्वरांत खोटं करणारा मॉनिटर या मुद्रिकेपुढे लगेच उघडा पडतो.

गाणाऱ्याला मुद्रणाच्या वेळी काय ऐकवायचं, हा मॉनिटरिंगचा आणखी नाजूक भाग. कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा चित्रपट १९३२ साली तयार झाला तेव्हा हा प्रश्नच नव्हता. पार्श्वगायन आलेलं नव्हतं. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे कॅमेऱ्यासमोरच गायचे आणि विष्णुपंत दामले ते तिथल्या तिथे टिपायचे. आता गाणारा बंद हेडफोन लावून एकटा बसतो. आमच्याकडे आलेले एक भजनी बुवा पहिल्याच ओळीनंतर म्हणाले, “माझा आवाज मलाच लई मोठा येतोय, बारीक करा की जरा.” बुवांचं बरोबर होतं. स्वतःचा आवाज मोठा ऐकू आला की गळा आखडतो, कमी ऐकू आला की माणूस ओरडतो. त्यात संगणकातून फिरून येणारा आवाज उशीर करतो. १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे एका फेरीला २.७ मिलिसेकंद, सगळं मिळून आठ-दहा. एवढ्या वेळात आवाज हवेतून तीनेक मीटर जातो. पेटीवाला तेवढ्या अंतरावर बसला तर कुणाचं बिघडत नाही, पण स्वतःचा गळा हाडांतून आधी आणि कानातून नंतर ऐकू आला की तो पोकळ लागतो, आणि गाणारा बिचारा स्वतःच्या सुरावर शंका घ्यायला लागतो. म्हणून साउंडकार्डाचं थेट मॉनिटरिंग चालू करायचं, संगणकाची फेरी टाळायची, आणि बुवांना सांगायचं, एक कान उघडा ठेवा. उघड्या कानानं ते खोलीशी जुळवून घेतात, झाकलेल्या कानानं तंबोऱ्याशी.

घुमक्याचा तळ मात्र या मॉनिटरवर पुरता ऐकू येत नाही, हे खरं आहे. त्यासाठी मी उघड्या पाठीचे हेडफोन लावतो; तिथे खोलीच नसते, म्हणून ४७ आणि ५६ चं भांडणही नसतं. तळ हेडफोनवर ठरवायचा, बाकी सगळं मॉनिटरवर. सबवूफर आणा म्हणणारे मित्र आहेत. बारा बाय दहाच्या या चौकटीत सबवूफर आला की खोली स्वतःचेच स्वर जोरात गाणार, आणि मी घुमकं समजून खोलीच कमी-जास्त करत बसणार. कोपऱ्यांतली रॉकवूल दुप्पट होईपर्यंत तो दुकानातच राहू दे.